पुलापलीकडची मॅच

बास्केटबॉलमधलं मला आजही फारसं कळत नाही. एका व्यावसायिक टीमबरोबर इतके सीझन काढले, तरी रेफरीनं शिट्टी मारली की मी शेजारच्याकडे बघते. पुण्याची माझी जाऊ म्हणते, "मग तुला पगार कशाचा देत होते?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही नोव्हायला राहतो. डेट्रॉइटच्या बाजूचं हे गाव गाड्यांवर जगतं. माझा नवरा मिलिंद गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा आणि मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रान्सपोर्ट बघायचे. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण इथे गाडीचा एखादा भाग पुरा होईपर्यंत अमेरिका आणि कॅनडामधल्या पुलावरून चारदा ये-जा करतो. इकडे ओततात, तिकडे घासतात, परत इकडे आणून रंगवतात. त्या पुलावर ट्रक अडला की तो सोडवायचा, हे माझं काम. ते मी वीसेक वर्षं केलं. मग कंपनीनं आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं आणि पन्नाशी उलटलेली मी घरी बसून पालेभाज्या लावायला लागले.

तेव्हा जुन्या ऑफिसमधल्या एकानं सांगितलं, की एका बास्केटबॉल टीमला प्रवासाची व्यवस्था बघणारं माणूस हवंय. मालक ब्रेंट नावाचे गृहस्थ होते. त्यांचा गाड्यांच्या काचा बसवण्याचा धंदा होता आणि टीम ही त्यांची हौस. त्यांनी विचारलं, "बास्केटबॉलची काय माहिती आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही. पण मला पूल माहीत आहे."

"कधीपासून येताय?" ते म्हणाले.

घरी सांगितलं तर मिलिंद नुसता हसत सुटला. शिकागोहून लेकीचा, ईराचा, फोन आला, "आई, दॅट इज सो रँडम! आय लव्ह इट!"

आता आमच्या लीगबद्दल. टीव्हीवर दिसते, खेळाडू खाजगी विमानानं फिरतात, ती लीग ही नव्हे. त्या लीगमध्ये थोडक्यात जाऊ न शकलेले, किंवा जाऊन लगेच बाहेर पडलेले आमच्याकडे यायचे. अर्ध्या टीम अमेरिकेतल्या, मिशिगन आणि ओहायोच्या, अर्ध्या कॅनडातल्या, ऑन्टॅरिओच्या. बसनं जायचं, बसनं यायचं. कॅनडातल्या बऱ्याच मॅच आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये व्हायच्या. खाली बर्फ तसाच ठेवून वर लाकडी फळ्या जोडायच्या, त्यावर बास्केटबॉल. बाकावर बसलेल्यांचे पाय गारठायचे. मॅचच्या आधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं व्हायची, तेव्हा आमची पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, ती देशभक्तीनं नव्हे, थंडीनं.

पोरं म्हणते, पण एकेक जण आमच्या दरवाज्यात वाकून शिरेल एवढा. माझं नाव वसुंधरा. सगळ्यात उंच, बास्केटपाशी 'सेंटर' खेळणाऱ्या डेशॉननं पहिल्याच दिवशी ते म्हणून बघितलं आणि मध्येच दमला. मी सांगितलं, "आमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काकू म्हणतात. तू काकू म्हण." त्या दिवसापासून कोच डेल धरून सगळ्यांची मी काकू. कोच माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, पण तेही काकूच म्हणायचे.

कामात पुलाचाच भाग मोठा होता. कोणाचा पासपोर्ट संपत आलाय, कोणाच्या बॅगेत काय आहे, हे मी बस सुटायच्या आधी बघायचे. शिवाय पुलावर कसं वागायचं याचे मी वर्ग घेतले होते. ऑफिसरनं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. हसायचं नाही. आणि जोक तर अजिबात करायचा नाही. हा नियम एका नव्या पोरामुळे आला. ऑफिसरनं त्याला विचारलं, "काही डिक्लेअर करण्यासारखं?" तर तो म्हणाला, "माझा जम्प शॉट, सर. फार घातक आहे." घातक हा शब्द सीमेवर उच्चारायचा नसतो. त्यांनी आमची बस एवढी तपासली, की सीटांची शिलाई उसवायची तेवढी बाकी राहिली. मॅचला पोचेपर्यंत वॉर्मअपची वेळ संपली होती.

हसण्यासारखं नव्हतं ते लमारचं प्रकरण. लमार आमचा सगळ्यात चांगला शूटर. लांबून बॉल टाकायचा आणि तो जाळीत पडायच्या आधीच पाठ फिरवून पळत सुटायचा. पहिल्या सीझनला कॅनडाच्या ऑफिसरनं त्याचा पासपोर्ट मशीनमध्ये घातला आणि त्याला आत बोलावलं. कॉलेजात असताना त्यानं दारू पिऊन गाडी चालवली होती. कुणाला लागलं नव्हतं, त्यानं दंड भरला होता, शिक्षा भोगली होती. पण कॅनडा एवढ्यावरूनही माणसाला परत पाठवतं. तो बाहेर आला तेव्हा एवढा मोठा माणूस मला लहान दिसला. मी त्याला टॅक्सीनं परत आणलं. अख्ख्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, "काकू, आय वॉज नाइनटीन."

त्यानंतर लमार आमचा अर्धा खेळाडू झाला. घरच्या मॅच खेळायचा, पलीकडच्या मॅच फोनवर ऐकायचा. परवानगीसाठी अर्ज करता येतो, तो आम्ही केला, वकील गाठला, कोचनी शिफारस दिली. गाडीचे भाग मी तासाभरात सोडवत असे. हा माणूस मला दोन वर्षं सोडवता आला नाही. परवानगी आली तेव्हा त्याचा गुडघा गेलेला होता. तो पलीकडे गेला, पण प्रेक्षक म्हणून. माझ्या अख्ख्या नोकरीत मनाला लागून राहिलेली गोष्ट म्हणाल तर एवढीच.

पण लिहायला बसले ती एका सेमीफायनलची हकिगत सांगायला.

लमारचा अर्ज अजून अडकलेला होता त्या वर्षी आम्ही, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सेमीफायनलला पोचलो. एक मॅच आम्ही जिंकली, एक त्यांनी. तिसरी निर्णायक मॅच पलीकडे, रविवारी दुपारी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली मराठी मंडळी या अंकाची वर्गणीदार आहेत आणि पुढचं वाचून आपसात पुन्हा भांडतील. पुलापासून बसनं दीडेक तासावरचं गाव, एवढं पुरे.

रविवारी सकाळी बसपाशी पोचले तर ब्रेंटसाहेब स्वतः हजर, चेहरा उजळलेला. "काकू, सरप्राइज आहे. तिकडे गेल्यावर उघडा." सामान त्यांनी आधीच बसच्या पोटात भरून घेतलं होतं; मालकांसमोर ते उपसून बघायचं माझ्या जिवावर आलं. पोरं झोपाळलेली, कोच चिंतेत. आम्ही निघालो.

सरप्राइज पुलावरच उघडलं गेलं. कॅनडाच्या ऑफिसरबाईंनी सामानाचं दार उघडायला लावलं. आत नवीकोरी सीलबंद खोकी. एक फोडलं, तर त्यात टीमच्या नव्या जर्सी आणि त्यांच्याखाली प्रेक्षकांना विकायचे शर्ट, टोप्या, स्कार्फ. प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी. फोन केल्यावर कळलं, ब्रेंटसाहेबांनी सेमीफायनलच्या आनंदात नवे कपडे शिवून घेतले होते आणि जुन्या जर्सी एका धर्मादाय लिलावाला देऊन टाकल्या होत्या.

वापरलेले, धुतलेले, नावं घातलेले कपडे टीमचं सामान म्हणून निघून जातात. किमतीची चिठ्ठी लावलेला नवा माल म्हणजे व्यापार. त्याला वेगळे कागद लागतात, कस्टम्सचा एजंट लागतो.

"मॅडम, हा विक्रीचा माल आहे," बाई म्हणाल्या.

"यातल्या बारा जर्सी आमच्या अंगावर घालायच्या आहेत. त्या तेवढ्या काढून देता येतील?"

"एकाच खोक्यात, एकाच बिलावर आहेत. सुट्या नाही करता येणार. आय ॲम सॉरी."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. एजंटला फोन लावला, त्यानं रविवारी उचलला नाही. खोकी तिथेच राहिली आणि आम्ही पुढे निघालो. कोच माझ्या शेजारी येऊन बसले.

"काकू, नियम माहीत आहे ना? सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे, नंबर घातलेले शर्ट नसतील तर मॅच न खेळता हरलो."

"माहीत आहे."

"आणि यजमान टीम पांढऱ्यात असते. आपल्याला गडद रंग हवा."

पोरांकडे सरावाच्या काळ्या चड्ड्या होत्या. शर्ट मात्र प्रत्येकाचा वेगळा. यजमान टीमच्या मॅनेजरला फोन केला. तो भला माणूस होता, पण त्यांचा गडद सेट लॉन्ड्रीत आणि लॉन्ड्री रविवारची बंद. गावातल्या खेळाच्या दुकानात विचारलं, त्यांच्याकडे एका रंगाचे आणि एवढ्या मापाचे चार निघत होते.

तेव्हा मला शोभाताई आठवल्या. शोभाताई त्या गावातल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. मूळच्या नागपूरच्या, इथे शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. आंबेमोहोर आणि पोह्यांसाठी त्या आमच्या नोव्हायच्या भारतीय दुकानात यायच्या, तशी ओळख. मंडळांकडे टी-शर्ट असतात हे मला अनुभवानं माहीत होतं.

"शोभाताई, मी नोव्हायची वसुंधरा. तुमच्याकडे टी-शर्ट आहेत का हो, एका रंगाचे?"

"अगं, तळघरात दोन खोकी पडलीत! क्रीडादिनासाठी केले होते. भगवे. पण त्यावरून केवढी भांडणं झाली बाई. कमिटीतले निम्मे म्हणतात रंग निळा ठरला होता. तुला कशाला हवेत?"

सांगितलं. मग त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "सगळ्यात उंच मुलगा केवढा आहे?"

"सहा फूट दहा इंच."

"अगंबाई. सगळ्यात मोठा शर्ट एक्स्ट्रा लार्जच आहे. थांब, मी मशीन घेऊन येते."

आम्ही स्टेडियमवर पोचलो तेव्हा मागच्या दारापाशी त्यांची गाडी उभी होती. त्यांच्या नवऱ्यानं, अरुणकाकांनी, शिलाई मशीन छातीशी धरलं होतं. शोभाताई जेमतेम पाच फूट. त्यांनी ड्रेसिंगरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये टेबल लावलं, वायर प्लगमध्ये घातली आणि हुकूम सोडला, "एकेकानं या. हात वर."

शर्ट भगवे, छातीवर काळ्या अक्षरांत देवनागरीत मंडळाचं नाव, 'हौशी मराठी मंडळ'. त्यातलं 'हौशी' भलं मोठं, बाकीचं त्याच्याखाली बारीक. लहान चणीच्या खेळाडूंना शर्ट तट्ट बसले. मोठ्यांसाठी शोभाताईंनी बाह्या कापल्या, दोन्ही बगलांत उभे चिरले आणि दुसऱ्या शर्टाच्या पट्ट्या जोडल्या. डेशॉनसाठी तीन शर्टांचा एक झाला. तो उभा राहिला की त्यांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत धड पोचत नव्हता, म्हणून अरुणकाकांनी त्यांना स्टूल दिलं.

"श्वास सोड. पूर्ण सोड," त्या टाचण्या तोंडात धरून इंग्रजीत म्हणाल्या. "आता घे. दुखतंय?"

"नो, मॅम."

"मग हलू नकोस."

मी पाठीवर आणि पोटावर नंबर चिकटवत होते, घोट्याला गुंडाळतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीनं. रेफरी आले. तेही माझ्यासारखेच नियमानं चालणारे. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, नंबर वाचले, रंग बघितला. डेशॉनपाशी थांबून त्यांनी शिवण बोटानं ओढून बघितली. शोभाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी बोट काढून घेतलं.

"खेळा," ते म्हणाले.

खरी गंमत प्रेक्षकांत होती. शोभाताईंनी तोवर मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. चाळीस-पन्नास मंडळी सहकुटुंब आली आणि बास्केटमागच्या रिकाम्या बाकांवर बसली. आता ही माणसं त्या गावची, त्यांची टीम पांढरी. पण मंडळाचे शर्ट आमच्या अंगावर. मुलं ओरडत होती, "बाबा, वी आर द होम टीम!" आणि बाबा म्हणत होते, "अरे पण तो शर्ट माझ्या वर्गणीतला आहे!" निळ्या रंगाचे समर्थक होते ते मात्र निष्ठेनं गावाच्या बाजूनं ओरडले.

मॅच घासून चालली होती. लमार नसल्यानं लांबून बॉल टाकणारा कोणी नव्हता, म्हणून कोचनी सगळा खेळ डेशॉनभोवती ठेवला. तो उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला मी शिवणीकडे बघत होते. तिसऱ्या सत्रात उजवी बगल गेलीच. टाइमआउटला शोभाताई सुई-दोरा घेऊन खाली निघाल्या. स्टेडियमच्या सुरक्षारक्षकानं अडवलं. त्या त्याला म्हणाल्या, "तू सातवीत माझ्या वर्गात होतास." तो बाजूला झाला, पण टाइमआउट तेवढ्यात संपला आणि मी चिकटपट्टीवर भागवलं.

अगदी शेवटी आम्ही एका पॉइंटनं मागे आणि डेशॉनला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे खेळ थांबवून, समोर कोणी अडवायला नसताना दोन वेळा बॉल टाकायचा. ऐकायला सोपं आहे. डेशॉनला आयुष्यात तेवढं एकच जमत नव्हतं. अशा वेळी बास्केटमागचे प्रेक्षक हात हलवून, ओरडून खेळाडूचं लक्ष उडवतात, तो त्यांचा हक्कच असतो. बास्केटमागे होतं मंडळ. कोणी स्कार्फ फिरवायला लागलं, मुलं बाकांवर चढली.

शोभाताई उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण अख्खा भाग गप्प झाला. मुलं बाकांवरून खाली उतरली. स्टेडियमच्या बाकी तिन्ही बाजू ओरडत होत्या आणि डेशॉनच्या नजरेसमोर मात्र हाताची घडी घालून बसलेले पन्नास मराठी लोक.

पहिला बॉल कडेला लागून बाहेर गेला. दुसरा कडेवर दोनदा नाचला आणि आत पडला. बरोबरी झाली. जादा वेळेत आमची पोरं अशी खेळली, की मला सुद्धा कळलं आपण जिंकतोय.

फायनल आम्ही हरलो, तीही चांगली दणकून. पुढे दोन सीझननंतर ब्रेंटसाहेबांनी टीम बंद केली आणि मी पुन्हा पालेभाज्यांकडे वळले. त्याचं मला वाईट वाटतं, पण तो रविवार कोणी काढून घेऊ शकत नाही.

मॅचनंतर शर्टांचा प्रश्न निघाला. मी ते धुऊन पाठवायचं कबूल केलं होतं. शोभाताईंनी डेशॉनच्या लोंबणाऱ्या पट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे. कमिटीला सांगते, रंगाचा वाद मिटला." अरुणकाकांनी बसमध्ये चिवड्याची मोठी पिशवी ठेवली. डेशॉन वाकून शोभाताईंना मिठी मारायला गेला, तर बाकीची शिवणही फाटली.

परत निघालो तेव्हा अजून उजेड होता. पुलावर रांग होती, खाली नदी चकाकत होती. पोरांनी शर्ट बदलले नव्हते. अमेरिकेच्या बाजूचा ऑफिसर बसमध्ये चढला आणि दारातच थांबला. बारा दांडगे पुरुष, सगळे भगव्या चिंध्यांत, अंगावर चिकटपट्टीचे नंबर, हातात चिवडा. शिकवल्याप्रमाणे सगळे गंभीर चेहरे करून समोर बघत होते.

"कॅनडातून काय आणताय?"

"शर्ट, सर," डेशॉन म्हणाला. "आणि हे तिखट काहीतरी."

"शर्ट विकत घेतले?"

"नो, सर. एका बाईंनी माझ्या अंगावरच शिवला."

ऑफिसरनं थोडं वाकून त्याच्या छातीवरची अक्षरं बघितली. "हे काय लिहिलंय?"

डेशॉननं मान खाली घालून स्वतःची छाती बघितली. सकाळपासून घाईत ते विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. सगळी बस माझ्याकडे वळली.

"हौशी," मी म्हटलं. "म्हणजे, जे पगारासाठी खेळत नाहीत. आवड म्हणून खेळतात, ते."

मग पुढच्या सीटवरून कोच डेल म्हणाले, "ऑफिसर, आमचे पगार बघितलेत तर तुम्हालाही हे पटेल."

पुलावर जोक करायचा नाही, हा माझा नियम. मी श्वास धरून बसले. ऑफिसरनं पासपोर्टांचा गठ्ठा माझ्या हातात परत दिला, डेशॉनच्या पिशवीतून चिवड्याची चिमूट उचलली आणि खाली उतरता उतरता विचारलं, "जिंकलात का?"

त्यावर बसमध्ये जो आरडाओरडा झाला, तो थांबवायचा मी मुळीच प्रयत्न केला नाही.